दांडीच्या खाडीतोंडाशी, होळीच्या उधाणात

पालघरच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होता येतं का, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. येतं. मी केलेलं आहे, आणि तेही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, जेव्हा सर्फिंग हा शब्द आमच्या नाशिकात कुणाला ठाऊक नव्हता. पण जाण्याआधी हे सगळं वाचा.

माझा मोठा भाऊ श्रीकांत, म्हणजे दादा, तेव्हा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्या वर्षी तो सुट्टीवर आला तो डर्बनहून विकत घेतलेला एक जुना सर्फबोर्ड घेऊन. तिथे तो चार-पाच वेळा लाटांवर उभा राहिला होता. मी तेवीस वर्षांची, कॉलेजच्या जलतरण संघातली. गोदावरीत आणि तलावात पोहलेली, समुद्रात फक्त पाय भिजवलेले. "मला शिकव," म्हणून मी त्याच्या मागे लागले. आठ-नऊ तासांत पोचता येईल असा, गर्दी नसलेला किनारा हवा होता. बोईसरला नोकरी केलेल्या एका शेजाऱ्याने दांडीचं नाव सांगितलं. होळीला जोडून सुट्टी होती. ठरलं.

पहिला दिवस

नाशिकहून त्र्यंबक, जव्हार, मनोर आणि बोईसर असा एसटीचा रस्ता. जुन्या चादरीत गुंडाळलेला बोर्ड टपावर चढवताना कंडक्टरने विचारलं, "दरवाजा आहे का?" मागून एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "मयताचं सामान तर नाही ना?" दादा हसला. मला ते आवडलं नाही.

जव्हारच्या घाटात पळस पेटल्यासारखा फुलला होता. मनोर नाक्यावर गाडी बदलावी लागते. वीटभट्टीवरून होळीला घरी निघालेली कुटुंबं तिथे डोक्यावर गाठोडी घेऊन उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत उभी होती. नाक्यावरची भजी गरम मिळाली तर खा, थंड असतील तर पुढे चला.

बोईसरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये साठ रुपयांत खोली मिळाली, दोन खाटा आणि कुरकुरणारा पंखा. शेजारच्या खोलीत कारखान्यात काम करणारे चौघे होते. त्यातल्या एकाने बोर्डवर टकटक करून पाहिलं. "भैया, इसपे खडे होकर जाओगे? समुंदर में?" दादा म्हणाला, "हां." तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "और बहनजी भी?" मी मान डोलावली.

दुसरा दिवस

सकाळी कुंभवली नाक्यावरून टेम्पो मिळाला. दांडी हे मच्छीमारांचं गाव. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, दारापुढे सारवलेली अंगणं, आणि खाडीत एकीला एक लागून उभ्या असलेल्या होड्या. सणामुळे एकही होडी समुद्रात नव्हती. सगळ्यांना पताका आणि हार घातलेले होते.

सामान कुठे ठेवायचं म्हणून आम्ही पहिल्याच घरी विचारलं. घर जनाबाईंचं. त्यांनी चहा दिला, कपडे बदलायला आतली खोली दिली, आणि बोर्ड बघून म्हणाल्या, "ही फळी घेऊन काय करनार तुमी?"

"लाटांवर खेळणार," मी म्हटलं.

"आज?" त्या एवढंच म्हणाल्या, आणि चुलीवरचं भांडं उतू जायला लागलं म्हणून आत धावल्या. त्यांच्या त्या 'आज'चा अर्थ आम्ही विचारला नाही. संडास कुठे, दुपारी जेवण मिळेल का, हे सगळं मात्र विचारून घेतलं.

बाराच्या सुमाराला भरती पूर्ण होती. किनाऱ्यालगतचं पाणी जवळजवळ सपाट. तासाभराने वायव्येचा वारा सुटला आणि कमरेएवढ्या लाटा यायला लागल्या. दादाने मला वाळूवर वीसेक वेळा पोटावर झोपवून उठायला लावलं, मग पाण्यात नेलं. पहिल्या दहा लाटांनी मला आपटलं. नाकातोंडात गढूळ, खारट पाणी. अकराव्या लाटेला दादाने मागून बोर्ड ढकलला आणि ओरडला, "ऊठ!"

मी उठले. पायाखालून काहीतरी जिवंत धावत होतं. किनारा माझ्याकडे सरकत येत होता. आठ-दहा सेकंदच असतील, पण मी इतक्या जोरात किंचाळले की दूर जाळं सांधत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या.

मग दादाची पाळी आली. बोर्ड एकच होता. अडीच वाजले होते, पाणी उतरायला लागलं होतं आणि किनाऱ्याजवळच्या लाटा बसल्या होत्या. पण डावीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे, छातीएवढ्या लाटा उठत होत्या. बाहेर निघालेलं खाडीचं पाणी आणि समोरून येणारा वारा यांची टक्कर होती ती. हे आज कळतं. तेव्हा मी फक्त बोट दाखवून म्हटलं, "तिकडे बघ ना किती मोठ्या आहेत. इथे काय करतोयस?"

दादाने क्षणभर तिकडे पाहिलं. मग घोट्याला बोर्डची रबरी दोरी बांधली आणि गेला.

पहिली लाट त्याने झकास पकडली. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या लाटेसाठी तो वळला, तेव्हा तो मघापेक्षा लांब दिसला. मग आणखी लांब. तो पोटावर झोपून हातांनी पाणी मारत होता, तोंड माझ्याकडे, पण अंतर वाढतच होतं. मी ओरडले, "बाजूला ये! बाजूला!" वाऱ्याने आवाज मागे फेकला. त्याने एकदा हात वर केला.

मी गावाकडे पळत सुटले.

जनाबाई ओट्यावर पुरणाची डाळ वाटत होत्या. माझ्या तोंडून फक्त "दादा, खाडीत, बाहेर" एवढंच निघालं. त्या उठल्या आणि नवऱ्याला हाक मारली, "आवो, तो पोरगा गेला बाहेर!"

त्यांचे यजमान दामोदरभाऊ होडीला रंग लावत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि आधी माझ्याकडे नाही, खाडीकडे पाहिलं.

"पुनवेचं पानी हाय," ते म्हणाले. "सगळं बाहेर वढून नेतंय. धा मिनटांत होडी टेकंल. मंग रातच्या भरतीपातूर नाय निघायची."

त्यांनी हाक दिली. नव्या लुगड्यातल्या बायका, सणाचे कपडे घातलेले पुरुष, जो होता तो चिखलात उतरला. होडीचा तळ अर्धा चिखलात रुतलेला होता. मी मांडीपर्यंत रुतून ढकलत होते. होडी हलली, अडली, पुन्हा हलली. पाण्याची उरलेली धार आमच्या डोळ्यांदेखत बारीक होत होती. शेवटी एका हिसक्यासरशी ती सुटली. दामोदरभाऊ आणि त्यांचा भाऊ चढले.

"तूपन चढ," ते मला म्हणाले. "कुटं दिसला ते तूच दाखवशील."

हँडल मारल्यावर मशीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. तिसऱ्यांदा लागलं. खाडीच्या तोंडाशी होडी अशी उडाली की मी तळाशी आपटले. उठून पाहिलं तर समोर नुसतं पाणी.

"खुंटाला धरलं आसंल तं हाय," दामोदरभाऊ म्हणाले. डोल जाळी बांधायला समुद्रात लाकडी खुंट रोवतात. त्यांची ओळ दूरवर दिसत होती.

आधी मला बोर्ड दिसला. पांढरा, पाण्यात ताणून धरल्यासारखा, वर कुणीच नाही.

मग खुंटाच्या पलीकडून डोकं वर आलं.

दादाने दोन्ही हातांनी खुंट कवटाळला होता. पाणी बोर्डला ओढत होतं आणि बोर्ड दोरीने त्याचा पाय ओढत होता. दोरी सोडायला एक हात काढला असता तर तो वाहूनच गेला असता. खुंटावरच्या धारदार शिंपल्यांनी त्याची छाती आणि दंड कापून निघाले होते. तो ओरडत नव्हता. डोळे मिटून होता.

दामोदरभाऊंनी होडी प्रवाहाच्या वरच्या अंगाने आणली, भावाच्या हाती सुकाणू दिलं, स्वतः पालथे पडले आणि कोयत्याने दोरी कापली. बोर्ड झटक्यात निघून गेला. मी आणि त्यांनी मिळून दादाला वर ओढलं. तो माझ्या मांडीवर पडून ओकला, मग म्हणाला, "मीनू, बोर्ड गेला."

मी त्याला एक थोबाडीत मारली. मग रडले.

खाडीत पाणी राहिलं नव्हतं. होडी बाहेरच नांगरून दामोदरभाऊंचा भाऊ तिच्यावर थांबला आणि आम्ही तिघं चिखल तुडवत परत आलो. जनाबाईंनी गरम पाणी आणि हळद आणली, मग वाटलेल्या खोबऱ्याचं कालवण आणि भात. दादा खाली मान घालून जेवला. दामोदरभाऊ समोर बसले होते.

"जहाजावर कामाला हाय म्हनता," ते म्हणाले. "पानी नाय वाचता येत, ठीक हाय. मानसाला तरी इचारायचं. आमी इतंच हाव ना?"

सकाळी आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून चहा प्यायलो होतो.

तिसरा दिवस

धुळवडीला गाड्या कमी असतात, हे लक्षात ठेवा. सकाळची एसटी चुकली असती तर बोईसरलाच अडकलो असतो. मनोर, जव्हार, त्र्यंबक. सबंध रस्ता दादा खिडकीला डोकं टेकून होता.

घरी आईने त्याच्या छातीवरच्या जखमा पाहिल्या. "खडकावर घसरलो," तो म्हणाला. तिने मलम लावलं आणि एवढं वय झालं तरी चालता येत नाही म्हणून बोलली.

संध्याकाळी गच्चीवर मी त्याला म्हटलं, "मी पाठवलं तुला तिकडे. मी म्हटलं नसतं तर तू गेला नसतास."

"पाणी बाहेर ओढतंय हे मला पहिल्या लाटेलाच कळलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा सहज आडवं येऊन बाहेर पडता आलं असतं. पण तू टाळ्या वाजवत होतीस. म्हटलं, अजून एक दाखवू."

आदल्या दुपारपासून मी मनात स्वतःला धोपटत होते आणि तो स्वतःला. आईला आम्ही खरं सांगितलं ते पुढे कित्येक वर्षांनी, आणि तेव्हाही तिने दोघांनाही शिव्या घातल्या.

दादाने पुन्हा बोर्ड घेतला नाही. मी घेतला, नोकरी लागल्यावर. तेव्हापासून कुठल्याही किनाऱ्यावर गेले की पाण्यात उतरण्याआधी मी तिथल्या दोन माणसांना विचारते, आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं तर तिसऱ्याला. मित्रमंडळी हसतात. हसू देत. दांडीला ती आठ-दहा सेकंद मी उभी राहिले, तसली लाट मला नंतर पुष्कळदा मिळाली. पण परतीच्या होडीत दादाचं थरथरणारं डोकं माझ्या मांडीवर होतं, त्याचं वजन मला अजून जाणवतं.