बंद घरापुढची पालखी

मी गावी आलो की सगळे विचारतात, "किती दिवस?" शेजारचे काका फक्त "जेवलास?" विचारतात आणि उत्तराआधीच काकूंना हाक मारतात.

कुलूप लावलेल्या घरापुढे शिमग्याची पालखी थांबत नाही. यंदा मला पोहोचायला उशीर झाला. पाहतो तर आमच्या अंगणात काका नारळ घेऊन उभे.

"थांबवा. घरातली भायेर गेलीत, येतील."

"भायेर म्हंजे मुंबईला ना?" पालखीवाल्यांपैकी एकानं चिडवलं.

"व्हय. भायेरच की ती."

पालखी थांबली. मला पाहून काकांनी नारळ माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. शेवटी सांगून टाकलं, "काका, मी घर विकतोय. उद्या गिऱ्हाईक येणार आहे."

काकांनी नारळ माझ्या हातात कोंबला.

"हळू बोल. पालखी दारात हाय."