सातव्या भागावर बसलेले पाहुणे

मला बघायला आलेल्या पहिल्याच पाहुण्यांना मी भर बैठकीत रडवलं. मुलाला नव्हे, मुलाच्या वडिलांना. पिळदार मिशा, डोक्याला पटका, उभा जन्म बैलांमागे गेलेला असा तो माणूस माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडला. (मुलाचं काय, त्याला रडवायला माझ्याकडे पुढे अख्खं आयुष्य पडलं होतं.)

याला कारण 'काळदरीची सात दारं'. आमच्या पिंपरीच्या कॉलनीला त्या पुस्तकांनी तेव्हा वेड लावलं होतं. गोष्ट म्हटली तर एवढीशीच! घोरमुख नावाचा राक्षस एक अख्खं गाव धुरात गिळतो आणि सात दारांच्या आड कोंडून ठेवतो. त्या गावचा जयध्वज नावाचा तरुण एकेका भागात एकेक दार फोडत जातो. सात दारं, सात भाग. पण प्रत्येकाला त्यात आपापलं काहीतरी सापडायचं. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना ती पुस्तकं आवडायची, कारण त्यातली राजकन्या चंद्रज्योती रटरटणारी भाजी चुलीवर तशीच टाकून घोड्यावर बसते. बाबा कंपनीत टर्नर होते. त्यांना आवडायचे दारावरचे राक्षस, कारण ते पाळीपाळीने पहारा द्यायचे. "बघ, राक्षसांनासुद्धा शिफ्ट बदलून मिळते," असं ते हळहळून म्हणायचे. आणि मला ती आवडायची, कारण मला जयध्वज आवडायचा. (हे घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे, मला तसं वाटत होतं.)

पुस्तकं मिळायची चिंचवड स्टेशनजवळ, गफूरभाईंकडे. पुढे सायकल दुरुस्ती आणि मागच्या भिंतीला दोन कपाटं, म्हणजे वाचनालय. त्यामुळे कुठलंही पान उघडा, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा हजर! लोक पंक्चर काढायला यायचे, वाचत बसायचे आणि पंक्चर निघालं तरी उठायचे नाहीत. प्रत्येक भागाची एकच प्रत. सातवा, म्हणजे शेवटचा भाग आला तेव्हा मी धावतपळत जाऊन पहिला नंबर लावला. वाचला, रडले. पुन्हा वाचला, पुन्हा रडले. परत काही केला नाही.

"सुलूताई, किताब द्या हो," गफूरभाई काकुळतीला आले. "चिंचवडगावातले एक तात्या रोज येऊन मला शिव्या घालतात. कोणाकडे आहे, नाव सांग म्हणतात. मी नाही सांगितलं. सांगितलं तर थेट तुमच्या घरी येतील!"

"उद्या देते," मी म्हणाले. (आमच्या घरात 'उद्या'ला तारीख नसायची.)

आणि तात्या घरी आले. पुस्तकासाठी नव्हे. मला बघायला!

अर्थात हे तात्या तेच तात्या, हे आम्हाला कुठून कळणार? आम्हाला माहीत होतं ते इतकंच की चिंचवडगावातलं जुनं शेतकऱ्याचं घर आहे, जमीन कारखान्यात गेली, बदल्यात मुलगा वसंत कंपनीत लागला. आईने शिरा केला होता, मला तिची जांभळी साडी नेसवली होती आणि पाहुणे फाटकात दिसले तेव्हा तिची नजर खाटेवर गेली.

"ते धुडकं उचल आधी! मुलगी दिवसभर कादंबऱ्या वाचते असं दिसायला नको!"

उचलून ठेवणार कुठे? दोन खोल्यांचं घर! मी सातवा भाग गादीखाली सारला आणि आत पळाले. पाहुणे आले. वसंत खुर्चीवर बसला. तात्या खाटेवर बसले. अगदी नेमके त्याच जागी.

थोड्या वेळाने ते उजवीकडे सरकले. मग डावीकडे. मग म्हणाले, "ह्ये काय टोचतंय म्हनायचं?"

"गादी नवीन आहे," बाबा म्हणाले. (ती गादी माझ्या जन्माच्याही आधीची होती.)

तात्यांनी हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं. मी नेमकी शिऱ्याच्या बश्या घेऊन दारात आलेली. तात्या एकदा पुस्तकाकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.

"सातवा!" त्यांचा आवाज कापत होता. "तरी म्हनलं, त्यो गफूर नाव का सांगंना! पोरी, अगं रोज सायकल दामटत टेशनापत्तूर जातोय मी. नुसतं इचारायची लाज वाटती, म्हनून चांगल्या चाकाचं पंक्चर काढून घ्येतो!"

धरणीने पोटात घेतलं असतं तर मी बश्यांसकट गेले असते. आत आईच्या हातून झाकण पडलं. पण तात्या एकदम हसलेच. "म्हंजे पोरगी आपल्यातली हाय की!" असं म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. "फकस्त पैलं पान बगतो हां."

पहिलं पान झालं. दुसरं झालं. शिरा गार झाला. आम्ही सगळे तात्या वाचतात ते बघत होतो. शेवटी वसंत खाकरला.

"तात्या, मुलगी."

"बगितली की. झ्याक हाय. थांब जरा."

पसंत! मी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, लग्न ठरलं होतं. पण बाबांना आनंद झाला की ते बोलतात. "तात्यासाहेब, विचारा तिला काहीही! सगळे भाग तोंडपाठ आहेत तिचे!"

तात्यांनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. "मंग सांग पोरी, समद्यात तुला कोन आवडतं?"

भरतकाम येतं का, पुरणाची पोळी येते का, या प्रश्नांची मी तयारी केली होती. पण हा प्रश्न! याच्यासाठी तर मी जन्माला आले होते. मान खाली घालायची विसरून मी म्हणाले, "जयध्वज! शेवटी तो दारातच मरतो ना, तेव्हा मी तर जेवलेसुद्धा नाही!"

 लांब कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला.

"मरतो?" तात्या म्हणाले.

(माणसाने निदान इथे तरी थांबावं!) "हो ना! घोरमुखाचा भाला इथे, छातीत—"

"सुलू!" आई आतून किंचाळली.

वसंतने कपाळावर हात मारला. तात्यांच्या मिशा थरथरल्या आणि टपाटप थेंब शिऱ्यात पडायला लागले. "सा दारं फोडली त्यानं... आन मेला व्हय," एवढंच ते म्हणाले. त्यांनी पुस्तक हलक्या हाताने खाटेवर ठेवलं आणि अनवाणीच निघून गेले. थोड्या वेळाने वसंत त्यांच्या वहाणा न्यायला परत आला. मी खालीच बघत होते. तो दाराशी घुटमळला आणि हळूच म्हणाला, "चंद्रज्योतीचं काय होतं?"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आमच्या कॉलनीच्या भिंती पातळ होत्या. संध्याकाळपर्यंत जयध्वज सगळ्या लायनीत मेला! कुलकर्णीकाकू आमच्या दारात येऊन कडाडल्या, "अगं, मी चौथ्यात होते!" नळावर बायका माझ्याशी बोलेनात. पण खरी लाज वाटली ती बाबांकडे बघून. वसंत त्यांच्याच कंपनीत. त्याची गाठ पडू नये म्हणून बाबा लांबच्या गेटने जायला लागले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी सातवा भाग गफूरभाईंना परत केला आणि बाबांना म्हणाले, "आपण माफी मागायला जाऊ."

गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. रागावले नाहीत. चहा मागवला आणि समोरच्या कारखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"त्या भितीपल्याड माजी जमीन व्हती. पोराला नोकरी लागली, तक्रार न्हाई आपली. पर तिच्यासाटी भांडायला राक्षस न्हवता गं पोरी. सायेब आल्ता. लई गोड बोलला, चा प्याला, सही घेऊन ग्येला. कुनाशी भांडायचं? म्हनून त्ये पुस्तक वाचत व्हतो. म्हनलं ह्यो गडी दारं फोडतोय, ह्येचं गाव ह्येला परत घावंल. एकाला तरी घावंल. आन तू म्हन्तीस, मेला."

 त्या क्षणी मी कुणालाही जिवंत केलं असतं.

"तात्या, मी चुकून बोलले," माझ्या तोंडून गेलं. "तो मेल्यासारखा पडतो. मरत नाही."

बाबांना चहाचा ठसका लागला.

"खरं म्हन्तीस?"

"खरं."

तात्या ताडकन उठले आणि घरात ओरडले, "अगं ए, गूळ आन! जयध्वज जित्ता हाय!" त्याच बैठकीत साखरपुडा ठरला.

परतीच्या वाटेवर बाबा मध्येच थांबले. मग म्हणाले, "सुलू, आता सातवा भाग?"

आम्ही थेट गफूरभाईंकडे गेलो. लग्न होईपर्यंत पुस्तक कपाटामागे लपवायचं ठरलं. "बांधणीला गेलंय म्हणून सांगतो," गफूरभाई म्हणाले, "पण बेटी, शिव्या मलाच खायच्या आहेत, हे ध्यानात ठेवा." तात्या येतच राहिले. त्यांच्या चाकात आता रबरापेक्षा ठिगळंच जास्त होती. कुलकर्णीकाकूंच्या हातापाया पडून त्यांनाही पढवून ठेवलं. कुणी विचारलं तर सांगायचं, जयध्वजाची तब्येत ठणठणीत आहे.

साखरपुडा आमच्या कॉलनीच्या मैदानात झाला. पुण्याहून मामा आला. त्याला आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं. होणाऱ्या व्याह्यांना काळदरीचं वेड आहे, एवढंच त्याच्या कानावर आलेलं. त्याने रंगीत कागदात गुंडाळलेली भेट तात्यांच्या हातात दिली. कागद फाटला. सातवा भाग! कोराकरकरीत!

"मामा, ते दुसऱ्यांना द्यायचं होतं!" बाबा झेपावले.

"सोडा ओ व्याही!" तात्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "नवं कोरं! ग्रीसबी न्हाई!" आणि मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून ते वाचायला बसले.

इकडे विधी सुरू झाले. माझ्या कपाळाला कुंकू, ओटीत नारळ, बोटात अंगठी. मी मात्र खालमानेने तिरकं बघत होते, तात्यांच्या उजव्या हातात किती पानं उरलीत ते. "पोरगी किती लाजरी!" कुणीतरी म्हणालं. पानं भराभर कमी होत होती. तात्यांना धीर नव्हता, मधली पानं सोडून ते शेवटाला पोचले. पुस्तक मिटलं. उठले. सरळ माझ्यासमोर आले.

"मेला की गं!"

"हो," मी म्हणाले.

"कोण मेलं?" मामाने मोठ्याने विचारलं.

संपलं! 'मेलं' हा शब्द मांडवभर पळत सुटला. गुरुजींनी पळी खाली ठेवली. "सुतक आहे का? मग हे पुढे नेता येणार नाही." मागून वसंतची एक मावशी विचारायला लागली, "आमच्यातलं कोन ग्येलं वो?" कुणीतरी सांगितलं, "जयध्वज म्हणे." "असल, चाकनकडचा असल. किती वयाचा व्हता?" "तरुणच होता हो. छातीत भाला लागला." मावशीने जो गळा काढला, तो ऐकून पेढे वाटणारा पोऱ्या ताट घेऊन जागच्या जागी खाली बसला. चार बायका तिच्या गळ्यात पडल्या. त्यातली एक तर आमच्याकडची होती!

"गप बसा! कुनीबी मेल्यालं न्हाई!" तात्या गरजले. मग माझ्याकडे वळले. माझ्या पायांखालची सतरंजी मला त्या दिवशी धागान्‌धागा पाठ झाली.

"दोन बाऱ्या फसवलंस पोरी. दुसऱ्यांदा खोटं बोललीस, त्ये माझ्यासाटी बोललीस, कळतंय मला. पर पैल्यांदा अर्धंच सांगितलंस त्येचं काय? त्यो मेला. पर दार उगाडलं का न्हाई? धूर ग्येला का न्हाई? मान्सं आपापल्या वावरात उतरली, पाटाला पानी सोडलं, त्ये का न्हाई सांगितलंस?"

 खरं उत्तर फार वाईट होतं. जयध्वज कोसळला की मी पुस्तक छातीशी धरून रडायची आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायची. पुढच्या दोन पानांत नुसती शेतं होती, म्हणून ती मी कधी वाचलीच नव्हती.

तेच मी सांगितलं. सगळ्या मांडवासमोर. तोंडपाठ मुलीचे बाबा दुसरीकडे बघत होते.

तात्यांनी ती पानं उघडून पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच. मोट्यानं."

आणि मी वाचलं. अंगठी, हार, ओटीतला नारळ सांभाळत मी पाटाचं पाणी, उसाची लागण, विहिरीवरची मोट असं सगळं वाचत गेले. तात्या डोळे मिटून उभे होते. मावशीसुद्धा रडायची थांबली. वाचून झालं तेव्हा तात्यांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि गुरुजींना म्हणाले, "चालू द्या म्होरं."

लग्न झालं. पण सासरी माझी अब्रू गेली ती गेलीच. घरात नवीन कादंबरी आली की आधी मला विचारतात, "तू वाचलीस का?" हो म्हटलं की आमचे हे माझी पिशवी काढतात. वाचून होईपर्यंत मी माहेरी! पुस्तक जाड असलं की माहेरपण चांगलं लांबतं, म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही.

परवा ह्यांनी असंच एक जाडजूड पुस्तक आणलं. मी मुकाट्याने पिशवी भरली आणि पिंपरीला गेले. आईने दार अर्धंच उघडलं.

"सुलू," ती म्हणाली, "आत येऊ नकोस. मी तेच वाचतेय."