यंत्रातला रिकामा हात
गरम बिस्किटांचा वास आला की नागपूरच्या त्या कारखान्यातली उन्हाळ्याची दुपार आठवते. पुडे भरून भरून आमचे हात गळून गेले होते. पुड्यात लोखंडाचा कण असला तर घंटी वाजवणारं यंत्र नुकतंच आलं होतं, आणि त्या दिवशी ते सारखं ओरडत होतं. पुडे फोडले, बिस्किटं चुरली, काही सापडेना. मग साहेबांच्या लक्षात आलं, की माझी शेजारीण पुडा आत सारते तेव्हाच घंटी वाजते. बांगड्या उतरवून तिने नुसता हात आत घातला, तरी वाजली. पूर्वी कापडगिरणीत असताना तिच्या बोटात काहीतरी घुसलं होतं आणि बोट दुखतच राहिलं होतं. गिरणीचा डॉक्टर म्हणाला होता, आत काही नाही, बाईला कामाचा कंटाळा आहे. तेवढ्यावर तिचं काम गेलं. "बाई, काढा आता हात," साहेब म्हणाले. ती हलली नाही. "वाजू द्या न जी. इतक्या सालांत पहिल्यांदा कोणीतरी हो म्हणून राहिलं." आता माझा गुडघा रात्रभर ठणकतो आणि डॉक्टर म्हणतात, रिपोर्टात काही नाही. मी वाद घालत नाही. तिच्यासारखी घंटी सगळ्यांच्या नशिबात नसते.