अप्पा गाडी सोडतात

मी लातूरला एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवते. आईवडील कंधारला असतात. शनिवारी दुपारचा वर्ग संपला की मी गाडी काढते आणि चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा करत दिवस मावळायच्या आत घरी पोचते. गाडी जुनीच घेतलेली आहे, पांढरी, डाव्या दाराला पोचा असलेली. तो पोचा माझ्या आधीच्या मालकाचा आहे हे मी भेटेल त्याला सांगते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, ते वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे बसस्थानकावरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून माईकवर गाड्या पुकारणारा जो माणूस असतो, तो. उभी नोकरी त्यांनी गाड्या लावण्यात आणि सोडण्यात घालवली. निवृत्तीनंतर लावायला आणि सोडायला काहीच उरलं नाही, तेव्हा ते दूधवाल्याला, पाणी सुटण्याला आणि मायच्या स्वयंपाकाला उशीर का झाला हे विचारायला लागले. माय वैतागली होती.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एकाची मोटारसायकल बाजारातून चोरीला गेली. अप्पांनी कुठंतरी ऐकलं की गाडीत एक यंत्र बसवलं की गाडी कुठं आहे ते फोनवर दिसतं. "बसवून घेऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, ही गाडी चोराला दिली तरी तो आधी दाराचा पोचा बघून विचार करील. पण मायनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि म्हणाली, "बसव गं बाई. काहीतरी बघत बसतील तरी."

नांदेडला स्टेशनकडच्या रस्त्यावर एक दुकान सापडलं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवलेला, शांत माणूस होता. त्यानं दोन यंत्रं काउंटरवर ठेवली. एक वायरीचं, डॅशबोर्डच्या मागं लपवून बॅटरीला जोडायचं. दुसरं चुंबकाचं, साबणाच्या वडीएवढं काळं, कुठल्याही लोखंडाला चिकटवायचं आणि पंधरा दिवसांनी काढून चार्ज करायचं.

"वायरीचं घ्या," तो म्हणाला. "एकदा बसवलं की बघायला नको."

"वायरी तोडायच्या न्हाईत," अप्पा म्हणाले. "चालती गाडी हाय."

त्यानं चुंबकाच्या यंत्रात सिमकार्ड घातलं, पाठीवरचा लांबलचक नंबर अप्पांच्या फोनमध्ये टाकला आणि यंत्र घेऊन दुकानाबाहेर आला. "मोकळ्या आभाळाखाली धरावं लागतं," तो म्हणाला. "उपग्रह सापडले पाहिजेत."

अप्पा त्याच्याशेजारी उभे राहून वर बघायला लागले. रस्त्यानं जाणारे दोघंजण थांबून तेही वर बघायला लागले.

"किती सापडले?" अप्पांनी विचारलं.

"आठ-नऊ दिसून राहिलेत."

"पुरे व्हतात का?"

"चारात भागतं."

"मग बाकीचे राहू द्या," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला लागतील."

फोनमधल्या ॲपनं गाडीचं चित्र निवडायला सांगितलं. कार होती, ट्रक होता, मोटारसायकल होती. अप्पांनी बस निवडली. मग नाव विचारलं. अप्पांनी चष्मा पुसला आणि एका बोटानं, वेळ घेत, 'लातूर-कंधार जलद' असं टाईप केलं. दुकानदारानं डिकी उघडली, आतल्या कडेच्या उघड्या पत्र्याला यंत्र लावलं, आणि टक् असा आवाज झाला. यंत्र बसवून झालं.

पुढच्या शनिवारी मी लातूर सोडलं आणि चाकूरच्या पुढं फोन वाजला. मी गाडी बाजूला घेतली.

"चाकूर सोडलंस?"

"हाव, अप्पा. तुम्हाला दिसतंय की."

"दिसून राहिलंय. पण तू सांगायला पाहिजे."

अहमदपूरला चहाला थांबले तर परत फोन. "स्टँडसमोर काय करून राहिलीस?"

"चहा पिते."

"किती वेळ?"

"चहा संपेपर्यंत."

"असं नसतं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पण कसं असतं ते काही सांगितलं नाही. मी चहा गरम गरमच प्याले आणि जीभ पोळली.

घरी काय चालायचं ते मायकडून कळलं. अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, फोन मांडीवर. गाडीचं चित्र अहमदपुराबाहेर निघालं की घशातून तो जुना आवाज काढून पुकारायचे, की लातूरहून अहमदपूर, माळाकोळी, लोहामार्गे कंधारला येणारी जलद गाडी अहमदपूरहून सुटलेली आहे. ऐकायला एकटी माय. "मी इथंच हाय, दोन हातांवर," ती म्हणायची. "सगळ्या गल्लीला कशाला उठवता?" तरी लोह्याचं नाव ऐकलं की ती तवा ठेवायची आणि मी दारात पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. तेवढं एक त्या यंत्रामुळं चांगलंच झालं.

गल्लीला मात्र ते पुकारणं ऐकू जात होतं. महिनाभरात काय झालं, माळाकोळीच्या फाट्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात केला. मी थांबले. पायाशी पेरूंची पिशवी होती. त्यांनी वाकून आत बघितलं.

"कंधार जलद हीच का?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कंट्रोलर साहेबांनी. म्हणले पांढरी हाय, दाराला पोचा हाय, पोरगी चालवती. टायमावर आलात की."

ते मागच्या सीटवर बसले. पुढं बसा म्हटलं तर म्हणाले, "नगं, पुढं कुणी चढलं तर उठावं लागंल." कंधारला उतरताना पिशवीतले निम्मे पेरू सीटवर ठेवून गेले.

मी घरात शिरले ती रागानंच. "अप्पा, ही बस न्हाई."

"बस हाय असं कुठं म्हणलो मी?" अप्पा शांतपणे म्हणाले. "चार सीट रिकाम्या जाऊन राहिल्यात. रिकामी गाडी पळवणं बरं दिसत न्हाई."

"लोक माझ्या गाडीत बसणार तर मला विचारायचं न्हाई का?"

"डायवरला कोण विचारतं?" ते म्हणाले आणि मग माझ्याकडं बघून जरा गडबडले. मायनं भाकरी थापता थापता आतूनच सांगितलं की एकटी गाडी चालवताना तुला झोप लागंल म्हणून त्यांना भ्या वाटतं, सोबत कुणीतरी बोलत बसलेलं बरं असं त्यांनी ठरवलंय. अप्पा म्हणाले, तसं काही नाही, प्रश्न सीटांचा आहे. मला हसू आलं, आणि भांडण तिथंच मिटलं. तेव्हापासून दर शनिवारी एक-दोन माणसं ठरलेलीच. त्यांच्यामुळं खरंच झोप येत नसे. बहुतेकांना माझं लग्न का झालं नाही हे सविस्तर हवं असायचं.

एका शनिवारी अप्पांनी अहमदपूरच्या एका आजीबाईंची सोय लावली. त्यांना बिलोलीला लेकीकडं जायचं होतं. माझ्या गाडीनं लोह्यापर्यंत यायचं आणि तिथं स्टँडवर बिलोलीची बस पकडायची. आजीबाई उंच, काटक, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेल्या, आणि सोबत एक पत्र्याची पेटी. निळी, गुलाबाची फुलं रंगवलेली, दोन माणसांनी उचलावी अशी जड. ती आम्ही डिकीत कोंबली. लोह्यापर्यंत त्यांनी माझ्यासाठी उदगीरची तीन स्थळं काढली. लोह्याला बिलोलीची बस लागलेलीच होती. दोन हमालांनी पेटी ओढून काढली आणि बसमध्ये चढवली. आजीबाई खिडकीतून म्हणाल्या, "तुझ्या अप्पाला सांग, लई चांगली गाडी सोडली."

लोह्यात माझी एक शाळेतली मैत्रीण राहते. तिच्याकडं जायचं किती दिवस राहिलं होतं. मी अप्पांना फोन करून सांगितलं, लोह्यात आहे, मैत्रिणीकडं बसते थोडा वेळ. ते "हाव" म्हणाले. मी फोन पर्समध्ये टाकला आणि तिनं भजी तळायला घेतली.

इकडं कंधारला ओट्यावर काय झालं ते असं. अप्पांनी फोन मांडीवर घेतला तर गाडी लोह्यातून निघालेली, आणि कंधारच्या नाही, नांदेडच्या दिशेनं. पोरगी मैत्रिणीकडं भजी खाते, आणि गाडी नांदेडला चालली. म्हणजे चोरीला गेली. अप्पांनी मायला बजावलं, "तिला सांगू नगंस, घाबरंल. मी बघतो." शेजारचे दोघं-तिघं जमले. सगळ्यांनी मिळून चोरावर नजर ठेवली.

चोर विचित्र होता. तो दर गावाला थांबत होता. नांदेडात शिरल्यावर तो सरळ बसस्थानकात गेला आणि फलाटाला उभा राहिला.

"भ्याला न्हाई बघा," शेजारी म्हणाले.

"भ्याचं सोडा," अप्पा म्हणाले. "गाडी लावली कशी सरळ बघा."

त्यांनी नांदेडच्या बसस्थानकावर अजून नियंत्रक असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो बिचारा बाहेर येऊन सगळे फलाट हिंडला आणि परत जाऊन त्यानं माईकवर पुकारलं की दाराला पोचा असलेल्या पांढऱ्या कारच्या चालकानं चौकशी खिडकीशी यावं. कुणी आलं नाही. त्यानं अप्पांना कळवलं, "साहेब, इथं कार न्हाई. बिलोली लागली व्हती, ती सुटली आता." आणि त्याच वेळी अप्पांच्या फोनवरची गाडीही सुटली.

मी घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. गाडी दारात लावली, उतरले. ओट्यावर चार डोकी फोनवर वाकलेली. अप्पांनी मान वर केली.

"आलीस? बस. घाबरू नगंस."

"काय झालं?"

"गाडी चोरीला गेली."

"कुणाची?"

"आपली."

"अप्पा, मी गाडीतूनच आले."

"रिक्षानं आली असशील."

"ही काय दारात उभी हाय."

अप्पांनी दाराकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं. "ती नायगावच्या पुढं हाय," ते म्हणाले. पण आवाज जरा उतरला होता. ते उठले, चप्पल घातली, खाली आले आणि बॉनेटवर हात ठेवला. "गरम हाय," त्यांनी ओट्यावरच्यांना सांगितलं. मग पोचा चाचपला. पोचा तोच होता.

"मंग नायगावला कोण हाय?" शेजाऱ्यांनी विचारलं.

माय हात पुसत बाहेर आली. "आजीबाईची पेटी पत्र्याची व्हती न्हवं का?" ती म्हणाली.

मी डिकी उघडली. यंत्राच्या जागी धूळ नसलेला एक चौकोन होता. पेटी कोंबताना चुंबकानं घर बदललं होतं. मला वाटलं अप्पा चिडतील, निदान ओशाळतील. ते खुर्चीवर जाऊन बसले, फोन परत मांडीवर घेतला आणि बस बिलोलीत शिरेपर्यंत बघत राहिले. "नरसीला जरा जास्त थांबला," जेवायला बसताना ते म्हणाले, "पण भरून काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बिलोलीला निघालो. अप्पा शेजारी बसून फोनवर बघत मला गल्ल्या सांगत होते. त्या चित्रानं आम्हाला बरोबर एका घराच्या फाटकासमोर नेऊन सोडलं. अंगणात मधोमध निळी पेटी ठेवलेली होती, आणि तिच्यापासून अंतर राखून घरातली आणि शेजारची मंडळी बसली होती. पेटीच्या बाजूला यंत्र चिकटलेलं. त्याचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

आजीबाईंच्या जावयानं ते काल दिवे लागल्यावर बघितलं होतं. तो म्हणत होता पोलिसांना सांगू. शेजारी म्हणत होते पाण्यात टाका. आजीबाई मात्र पेटीवरच ठाण मांडून बसल्या होत्या. कुणाला हात लावू देत नव्हत्या.

अप्पांना बघताच त्या उठल्या. "आलात का. मी म्हणतच व्हते. हे तुमचं हाय न्हवं का? पेटी हरवू नये म्हणून लावलंत?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी पेटीपाशी उकिडवं बसून ते यंत्र दोन्ही हातांनी ओढून काढलं, शर्टाला पुसलं आणि खिशात घातलं.

"पोचली," ते म्हणाले.

"एवढं कुणी करतं का आजकाल," आजीबाई लेकीला म्हणाल्या. लेकीनं लगेच चुलीवर चहा चढवला. जावई थोडा मागं सरकून बसला. चहानंतर जेवण झालं, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण आणि तेलच्या. अप्पांना आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलं. नियंत्रक असतानाचे किस्से त्यांनी सांगितले, आणि लहानपणापासून ऐकलेले ते किस्से मी पहिल्यांदाच ऐकते आहे असं वाटावं इतके वाढलेले होते.

निघायला आम्ही उठलो तेव्हा फाटकापाशी तीन माणसं पिशव्या घेऊन उभी होती. दोन बायका नरसीच्या, आणि जावयाचे एक काका, त्यांना नायगावला सोडायचं होतं. काकांच्या हातात कोंबडी होती. अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळले. आणि त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "घ्यायचे का?"

मी मागचं दार उघडलं. कोंबडी आधी चढली.