ओढ्याकाठच्या विहिरीची ओटी

माझे सासरे फौजेत होते, म्हणजे स्टोअरला पोती मोजायला होते. पण गटाराच्या पाण्यासाठी ते छातीवर पदकं लावून गेटसमोर उभे राहिले, तेव्हा मला पहिल्यांदा देशाची काळजी वाटली.

कोरेगावाकडं आमचा मळा. त्याच्या वरच्या अंगाला गावाचं सांडपाणी साफ करायचा प्लांट. तो चालू होता तोवर मैला तिथंच निवळायचा, ओढ्याला बरं पाणी यायचं, बेडूक ओरडायचे. मग मशिनरी बिघडली, प्लांटला कुलूप लागलं आणि अख्ख्या गावाची घाण थेट ओढ्यात. मी नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची. मामंजी मात्र खूश. त्यांनी ओढ्यात मोटर टाकली आणि तेच पाणी उसाला सोडलं. "ह्यात खत फुकाट हाय," म्हणायचे. ऊस आला लय जोरात, मेला. ते बघून आजूबाजूच्यांनीही मोटरी टाकल्या. मग प्लांट दुरुस्त करायला माणसं आली, तेव्हा सगळे ऊसवाले गेटवर. साफ करून पुढं सोडायचं न्हाई, पाणी आमचं हाय. सगळ्यांत पुढं मामंजी. माणसं आल्या पावली परत गेली आणि आमच्याकडं पेढे वाटले. गटार जिंकल्याचे पेढे खाणारी मी एकटीच असेन सांगलीची.

तेव्हा मला दिवस गेले होते. बाळंतपणाला माहेरी सांगलीला गेले, मिरजेच्या दवाखान्यात मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं विहिरीची ओटी भरायची, तांब्याभर पाणी घरी आणायचं आणि बाळाच्या ओठाला लावायचं, ही सासरची रीत. ओटी आपल्याच विहिरीची, असा मामंजींचा हुकूम सुटला, म्हणून पोरीला घेऊन मळ्यावर आले.

आमची विहीर ओढ्याला लागूनच. हळदीकुंकू वाहिलं, खणनारळ ठेवला आणि वाकून बघितलं. पाण्यावर फेस, वास तर ओळखीचाच. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, ह्यात मी पोरीचं बोटसुद्धा बुडवणार नाही."

त्या हळूच म्हणाल्या, "मी तरी कुठं पिते? गावातनं नळाचं आणते. त्यास्नी तूच सांग."

मी सांगितलं नाही. तांब्या भरून घरी आणला आणि पोरगी मामंजींच्या मांडीवर दिली. "लावा ओठाला. तुमच्याच हातानं."

त्यांनी बोट बुडवलं. पोरीला भूक लागलेली, तिनं तोंड उघडलं. बोट तिथंच थांबलं. मग त्यांनी ते पायजम्याला पुसलं, परत पुसलं. त्यांचे डोळे भरून आले, पण माझं डोकं इतकं तापलं होतं की मला जरासुद्धा दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओढ्यातली मोटर काढली आणि प्लांट चालू करा म्हणायला निघाले. ऊसवाल्यांनी त्यांनाच अडवलं.

"आवं हवालदार, पाणी आमचं हाय, तुमीच शिकवलं न्हवं?"

मामंजी माघारी आले. प्लांटला अजून कुलूप आहे, ऊस अजून लय जोरात येतो.

पोरगी आता चालते, चार शब्द बोलते. परवा मामंजींच्या कडेवरून विहिरीकडं बोट करून म्हणाली, "पाणी."

मामंजी म्हणाले, "न्हाई बाळा. ते पाणी न्हाई."