जुना कागद कुणी काढायचा

नवरात्र बसायच्या आधीच माल परत आला. टेम्पोवाल्यानं खोकी गेटवर उतरवली आणि सहीसाठी कागद पुढं केला. मी एक खोकं फोडून आतलं झाकण उचलून बघितलं. दुचाकीच्या इंजिनाला बसणारं हे ॲल्युमिनियमचं झाकण. त्यातल्या एका भोकाची जागा गिऱ्हाईक कंपनीनं उन्हाळ्यातच बदलली होती आणि आमचं भोक जुन्याच जागी होतं. एक-दोन झाकणांत नाही, सगळ्याच खोक्यांत.

वाळूजच्या त्या छोट्या कारखान्यात क्वालिटीचं खातं म्हणजे मी एकटी. दुसऱ्या पाळीत झालेला माल मी उस्मानपुऱ्यातून सकाळी पोचायच्या आत गाडीत भरून गेलेला असायचा, हे मी मालकांना कितीदा सांगितलं असेल. माल चांगला गेला की मॅडम कुणाला आठवत नाहीत. परत आला की मात्र सगळा कारखाना मॅडम, मॅडम करत सुटतो.

मालक माणूस म्हणून वाईट नाहीत, पण घाबरले की त्यांचा आवाज चढतो. "दसरा झाला की त्यांचा माणूस येतोय पुण्याहून, ऑडिटला," ते म्हणाले. "त्याच्या आत या ड्रॉइंगांची काहीतरी सिस्टीम बसवा. आणि कंपनीला पाठवायच्या उत्तरात सेटरचं नाव टाका. मशीनवर ड्रॉइंग लावायचं काम त्याचं. त्याला कामावरून काढला म्हणून कळवू. त्यांना काहीतरी कारवाई दिसली पाहिजे."

"आधी काय झालंय ते बघू तर द्या."

"बघायचंय काय त्यात? दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही, मॅडम. सेटर मिळतो."

मला राग आला. तशीच खाली मशीनवर गेले.

सेटर म्हणजे मशीनवर जॉब बसवून, मापं जुळवून देणारा कारागीर. आमचा सेटर मूळचा सिल्लोडकडचा, माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठा, शुक्रवारी दुपारी नमाजाला जाऊन येणारा. अख्खा कारखाना त्याला भाई म्हणायचा. त्याच्या मशीनवर प्लास्टिकच्या पाकिटात ड्रॉइंग टांगलेलं होतं. जुनंच. पाकिटात बोट घालून बघितलं तर त्याच्या मागं नवं ड्रॉइंग व्यवस्थित घडी न मोडता सरकवलेलं. म्हणजे नवं माप भाईला माहीत होतं. तो स्वतः त्याच मापानं माल काढत होता. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर समोर दिसेल ते वाचून काम करत होता; परत आलेली खोकी त्याच पाळीची.

"भाई, हे काय? नवीन आल्यावर जुनं काढून नाही का टाकायचं?"

त्यानं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "चहाला बोलू, मॅडम."

चहाच्या वेळी तो कंपाउंडच्या भिंतीकडं, बाकीच्यांपासून लांब जाऊन उभा राहिला. "त्या कागदाला हळदकुंकू लागल्यालं हाय," तो म्हणाला. "मागच्या खंडेनवमीचं. पूजेचा कागद म्या कसा काढू? काढून टाकू कुठं? कचऱ्यात? कुणी मोबाईलमधी फोटू काढला म्हंजी?"

"इथं कोण काढतंय तुमचा फोटो? सगळे आपलेच आहेत."

"व्हय, आपलेच हायेत. पण जमाना बदलला, मॅडम. आमच्या गल्लीत एवढ्या-तेवढ्यावरनं काय काय झालं ते मला ठावं हाय. म्हणून नवा मागं सरकवून ठिवला. दुसऱ्या पाळीला तोंडी सांगितलं बी व्हतं."

"मग मी हे मालकांना सांगते. तुमची नोकरी जायची वेळ आलीय, भाई."

तो एकदम माझ्याकडं वळला. "नाय सांगायचं. नौकरी गेली तर दुसरी बघीन. ही गोष्ट एकदा तोंडातून निघाली की माघारी येत नाय. कसम हाय तुम्हाला."

मी हो म्हटलं आणि दिवसभर त्या होकारानं जीव खाल्ला. खरं सांगावं तर त्याला भीती, लपवावं तर त्याची नोकरी जाणार. त्या पाकिटातला जुना कागद मी जेवणाच्या सुट्टीत स्वतः काढून आणला. कुणी हूं की चूं केलं नाही. शेतकऱ्याच्या घरची मी, गावाकडं आमची अवजारं हळदकुंकवानं माखलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी आम्हीच ती चिखलात घालायचो. तो कागद काढायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही, आणि त्याचीच मला चीड आली.

मग सिस्टीम बसवायला घेतली. तोवर आमची पद्धत अशी, की नवं ड्रॉइंग मालक मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकत. त्यावर लगेच कुणाची शुभ सकाळ, कुणाच्या पुतण्याचा वाढदिवस, कुणाची रजा. ज्याला दिसलं त्यानं छापून घ्यायचं. कपाटात, ड्रॉवरात, जेवणाच्या डब्याखाली एकाच झाकणाची वेगवेगळी ड्रॉइंगं सापडली. मी सगळी गोळा केली. चालू ड्रॉइंगवर लाल शिक्का मारला, शिक्का नसलेला कागद मशीनवर चालणार नाही असं बजावलं. आणि मुख्य नियम एकच ठेवला, तोही मोठ्या अक्षरात: नवा कागद जो देईल त्यानंच जुना काढून परत न्यायचा. मशीनवरच्या माणसानं कागदाला हात लावायचा नाही. देणारी मी.

"एवढं कशाला?" मालक म्हणाले. "खालची माणसं काढतील की."

"नाही काढणार. आणि हे बघा सर, उत्तरात नाव टाकायचंच तर ड्रॉइंग मोबाईलवर टाकून मोकळं होणाऱ्याचंही टाकावं लागेल."

ते लालबुंद झाले. टेबलावरचं पेपरवेट फिरवू लागले. "ऑडिटला तो काय बोलतो ते बघू," शेवटी म्हणाले. "मग ठरवू."

खंडेनवमीला भाईनं दरवर्षीसारखी गावाकडून झेंडूची फुलं आणली, मशीन धुऊन पुसून स्वतः हार घातला. पूजा मालकांनी केली. प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावत लावत ते भाईच्या मशीनपाशी आले आणि त्यांनी माझ्या नव्या, लाल शिक्क्याच्या ड्रॉइंगच्या पाकिटाबाहेर आलेल्या कडेवरच बोट टेकवलं.

"सर, कागदाला नको!"

"अहो, कागदावर तर धंदा चाललाय आपला," ते हसत म्हणाले. सगळे हसले. भाईसुद्धा हसला आणि पेढा घेतला. मी माझा पेढा तसाच डब्यात टाकला.

पुण्याचा माणूस तरुण होता, गोड बोलायचा आणि एकही गोष्ट सोडायचा नाही. माझे शिक्के बघितले, कपाट उघडायला लावलं, मग थेट भाईच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. मालक मागोमाग. आजूबाजूची मशीनं आपोआप थांबली.

"नवीन ड्रॉइंग तुमच्याकडं होतं. मग जुनं का नाही काढलं?"

भाईनं खाली बघितलं. "इसरलो, साहेब."

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, की झालं, निकाल लागला.

"विसरणं तर परत होईल," तो माणूस म्हणाला, आणि त्यानं बॅगेतून एक कागद काढला. "याच झाकणाचं पुढचं ड्रॉइंग. आजपासून लागू. बदला बघू माझ्यासमोर." कागद त्यानं भाईपुढं धरला.

भाई दोन पावलं मागं सरकला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. सगळ्यांना दिसतील असे.

मी पुढं झाले. पुण्याच्या माणसाच्या हातातून कागद घेतला, शिक्का मारला, पाकिटातलं कुंकवाचं ड्रॉइंग बाहेर ओढलं, नवं सरकवलं. कुंकू माझ्या बोटांना लागलं. माझा आवाज चढला. "आमच्याकडं देणाराच काढतो. जुना कागद काढायचं काम आजवर कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं, चूक ती होती. उत्तरात तेच लिहिलंय."

त्यानं नियमाचा कागद वाचला, मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. मालक मात्र नियम वाचत नव्हते. ते माझ्या बोटांकडं बघत होते, मग भाईच्या पाठीमागच्या हातांकडं.

पाहुणा गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. "तो विसरला नव्हता," ते म्हणाले. मला शपथ होती. "मला येऊन सांगायचं ना त्यानं. मी काय परका आहे?" त्यांचा आवाज या वेळी चढला नव्हता. भाईच्या नावाचं पत्र त्यांनी आधीच टाईप करून ठेवलेलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर फाडलं.

गिऱ्हाइकाचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. काम आमच्याकडंच राहिलं. फक्त शेवटी एक शेरा होता: सेटर विसराळू आहे, त्याला कामात लक्ष देण्याचं प्रशिक्षण द्यावं. आमच्या कारखान्यात मापं त्याच्याइतकी पाठ कुणालाच नव्हती. माझं डोकं फिरलं. मी तो कागद घेऊन खाली गेले आणि म्हटलं, "भाई, हा शेरा मी काढून घेते. लिहिते त्यांना, भांडते."

त्यानं शेरा दोनदा वाचला आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "इसराळू माणसाच्या दारात रातीला कुणी गोळा व्हत नाय."