जिनातला पट्टा

हे घरात कुणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. जळगावात थोरल्या भावाचं, नानांचं, कापसातली सरकी काढायचं जीन होतं आणि एक जुनी मोटार. तिला ब्रेक मागच्याच दोन चाकांना. ब्रेकच्या आत घासणारे लायनर झिजून पार कागद झालेले, नवे मुंबईतही मिळेनात. वहिनीला चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला जायचं होतं. नाना म्हणाले, बैलांच्या दमणीनं जा. पण मला कुठला दम निघतोय? यंत्रातलं मला फार कळतं असा घरात लौकिक होता — तो मीच पसरवला होता.

जिनातल्या यंत्राचा जुना पट्टा पडून होता. तो कापला आणि अंगणातच लायनरच्या जागी रिव्हेट ठोकून बसवला. पट्टा वर्षानुवर्षं तेल प्यालेला होता. दिसत नव्हतं का मला? दिसत होतं. फडक्यानं पुसला, झालं.

चतुर्थीला मी घरीच राहिलो. पद्मालयाची टेकडी उतरताना ब्रेक तापले, पट्ट्यानं तेल सोडलं आणि गाडी सुटली. ड्रायव्हर दगडूनं ती बांधावर घातली म्हणून सगळे वाचले. वहिनीचा हात मोडला, तो पुढे कधी सरळ झाला नाही.

"मी ब्रेक दाबा, पन गाडी थांबनी नही," दगडू नानांना एवढंच म्हणाला.

बैल लावून गाडी घरी ओढून आणली. मी एकट्यानं चाकं उघडली — पट्टे तेलानं चकाकत होते. घासलेटनं पुसून परत बसवले. मग नानांना बोलावलं आणि अंगणात गाडी चालवून दाखवली. थंड ब्रेक, जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, "दगडूचाच डोळा लागला असेल."

नानांनी दगडूला त्याच दिवशी काढलं. झोपणारा ड्रायव्हर म्हणून जळगावात कुणी त्याला गाडी दिली नाही. तो शिंदखेड्याला जाऊन हमाली करू लागला. मला वाईट वाटलं का? वाटलं. जेवण मात्र कधी चुकलं नाही.

काही वर्षांनी तो धुळ्याच्या बाजारात भेटला. मीच चुकवून जाणार होतो, त्यानं हाक मारली. म्हणाला, "भाऊ, मना डोळाच लागी गया व्हई त्या दिन. वहिनीले सांगजा, माफ करा म्हणीसन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे दगडू," म्हणालो, "होतं असं माणसाकडून."